पाचव्या कपाटातलं पाणी

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, मग बाकीचं लिहिते. काकांचं एकही चित्र या शहरातल्या कुठल्याच सार्वजनिक संग्रहालयात नाही, असं मी तुला कळवलं होतं. ते खरं नाही. चित्रं आहेत, चांगली पाच आहेत. मीच चुकीच्या इमारतींत शोधत बसले होते.

तू लिहिलं होतंस, "दादा आयुष्यभर सांगत आला की माझी चित्रं संग्रहालयात आहेत, कुणीही जाऊन बघावी. आता तो नाही. तू शिकलेली आहेस, शहरात राहतेस, तर नेमकी कुठे बघायला मिळतात ते शोधून काढ." म्हणून मी दोन्ही कलादालनं पालथी घातली. प्रत्येक चौकटीखालचं नाव वाचलं, छापील याद्या चाळल्या, आणि कुठेच काही नाही म्हणून तुला तसं लिहून टाकलं. आपल्या घरात मी लिहिलेलं कुणी तपासत नाही. "तिने लिहिलंय म्हणजे असेलच," म्हणून बाबा मोकळे होतात. त्यामुळे मलाच तपासावं लागतं, आणि या वेळी ते पुरतं केलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या महाविद्यालयातल्या भावी शिक्षकांनी एका शाळेची सहल निसर्ग संग्रहालयात नेली. ग्रंथालयातून मला पाठवलं ते मुलं मोजायला. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाच्या दाराशी एक पितळी पाटी आहे. तिच्यावर आधी उद्घाटन करणाऱ्यांची नावं, मग देणगीदार, मग बांधणारे. अर्धवट वाचून सोडणं मला जमत नाही, म्हणून मी खालपर्यंत आले. शेवटच्या ओळीत 'देखाव्यांची पार्श्वचित्रे' असं होतं, आणि पुढे आपल्या काकांचं पूर्ण नाव.

तू हे कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सविस्तर सांगते. त्या दालनात पाच मोठी काचेची कपाटं आहेत. कपाट म्हणजे आपल्या पुढच्या खोलीएवढं. आत पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी, खाली खरी वाळू, खरे दगड, खरं सुकवलेलं गवत. मागची भिंत मात्र सरळ नाही. ती दोन्ही बाजूंनी गोल वळवलीय, त्यामुळे कोपरा कुठेच दिसत नाही. त्या भिंतीवर काकांनी लांबचं रान रंगवलंय, डोंगर, आभाळ. खरं गवत कुठे संपतं आणि रंगाचं कुठे सुरू होतं, ते मी नाक काचेला लावून शोधलं. सापडलं नाही. आमच्यातल्या एका मुलीने काचेवर तळवा ठेवला आणि विचारलं, "आत वारा आहे का हो?"

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: निसर्ग संग्रहालय, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे. सोमवारी बंद. यादीत नाव का नव्हतं, तेही विचारून घेतलं. तिथल्या संग्रहपाल बाई म्हणाल्या की पक्ष्याला क्रमांक असतो, वाळूतल्या शिंपल्यालासुद्धा असतो, पण भिंत म्हणजे इमारतीचा भाग, ती संग्रहात धरत नाहीत. थोडक्यात, बगळ्याची नोंद आहे, त्याच्या मागच्या आभाळाची नाही.

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही यावर मी खूप विचार केला. लपवू नको असं तूच सांगितलंस. पहिली चार कपाटं पाहून अंगावर काटा येतो. पाचवं बरोबर वाटत नाही. ते दलदलीचं आहे, त्यात बोरूचं उंच गवत आणि एक बगळा. क्षितिज फार खाली आहे. पाणी आडवं पसरल्यासारखं न दिसता भिंतीवर चढल्यासारखं दिसतं, आणि खऱ्या बोरूचा न् रंगवलेल्या बोरूचा सांधा स्पष्ट उघडा पडतो. संग्रहपाल बाई सौम्यपणे म्हणाल्या, "हे शेवटचं. वय झालं होतं त्यांचं. शिवाय रीतसर शिक्षण नव्हतं ना." मला वाईट वाटलं, पण दिसलं ते दिसलं.

तू येऊन बघशील का? मी सुट्टी काढेन.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

पंडिते,

पत्र पोचलं. पोस्टमनने विचारलं, "पोरीला बढती मिळाली का?" मी म्हटलं, "नाही हो, माझा मेलेला भाऊ जनावरांत सापडला." तो अजून दारात उभा आहे असं समज.

तुझं मागचं पत्र वाचून मी दादाला मनातल्या मनात खोटारडा म्हणून घेतलं होतं. आता शब्द मागे घ्यायचे तर तो ऐकायला नाही. यापुढे 'नाही' हा शब्द लिहिताना दोनदा लेखणी झटकत जा.

मला वाटलं होतं सोनेरी चौकट असेल, वर दिवा असेल, समोर लोक हनुवटीला हात लावून उभे असतील. निघाला हरणाच्या मागे! तसं त्याला शोभतंच म्हणा. सगळा जन्म कुणाच्या तरी मागेच उभा राहिला. नाटकाचे पडदे रंगवायचा तेव्हाही टाळ्या पुढे उभ्या असलेल्यांना. तुझा बाप म्हणाला, "म्हणजे आपला दादा भिंतीच रंगवत होता." मी म्हटलं, "हो, आणि तू पंप दुरुस्त करतोस म्हणजे नुसतं पाणीच काढतोस."

आता पाचव्याबद्दल. वय झालं म्हणे, म्हणजे हात गेला म्हणायचा! अगं, त्याने केलं ते शेवटचं काम आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी. जाता येता बघते मी. अक्षर कसं रेघेवर मांडी घालून बसलंय. ती पाटी त्या पाचव्या कपाटाच्या नंतरची, हे मला पक्कं माहीत आहे. मग आधी गेलेला हात नंतर परत आला का?

मी तुला माझ्या धंद्यातलं सांगते. गिऱ्हाईक कधी कधी भांडायला येतं, की काखेत दाटतंय, बाही आखूड झाली. मी आधी विचारते, सदरा कुणाचा? बहुतेक वेळा धाकट्या भावाचा घालून आलेलं असतं. शिवण चुकलीय म्हणण्याआधी कुणासाठी शिवलंय ते बघावं. तू पुन्हा एकदा जा आणि बघ. बाईंचे डोळे घेऊन जाऊ नकोस, स्वतःचे ने.

माझ्या येण्याचं म्हणशील तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे अंगावर पडलेत. मशीनची पायटी तुझ्या काकाने माझ्यासाठी वर उचलून दिली म्हणून माझे पाय पोचतात. बसची पायरी कोण उचलून देणार? आणि गल्लीतली पोरं 'फूटपट्टी' म्हणतात तेवढं पुरे आहे, त्यासाठी तिकीट काढून शहरात कशाला जायचं?

जेवत जा. मागच्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी चुकले होते. संग्रहपाल बाईही चुकल्या होत्या, पण त्यांचं त्या बघतील.

काल शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा होती. पाचव्या कपाटापुढे उभी राहून मी टिपणं घेत होते आणि पेनाचं टोपण खाली पडलं. ते कपाटाच्या कडेखाली गेलं, म्हणून एक गुडघा टेकून बसले. टोपण हाताला लागलं, मान वर केली, आणि आत्या, पाणी आडवं झालं होतं. खरंच सांगते. तेच पाणी, जे मघाशी भिंतीवर चढलं होतं, ते लांबवर पसरलं होतं, पार त्या धूसर काठापर्यंत. बोरू पाण्यात उभे होते. सांधा नाहीसा झाला होता. मी उठले, पाणी पुन्हा भिंतीवर चढलं. बसले, पुन्हा निजलं. असं मी इतक्यांदा केलं की एका बाईंनी येऊन विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक बारीकशी गोष्ट तरीही जुळली नाही. खऱ्या बगळ्याचं प्रतिबिंब काकांनी रंगवलेल्या पाण्यात काढलंय, पण ते बगळ्याच्या पायांपासून थोडं सरकलेलं दिसत होतं. मी ते लपवत नाही.

मी घरी आल्यावर विचार केला. बाकीच्या चारांचं क्षितिज मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि पाचव्याचं खाली. म्हणजे ते लहान मुलांसाठी केलंय! किती सुंदर कल्पना, आणि आजवर कुणाच्याच लक्षात आली नाही. उद्या सोमवार, संग्रहालय बंद, म्हणून परवा संग्रहपाल बाईंना देण्यासाठी टिपण लिहून ठेवलंय.

आता जरा गंभीर गोष्ट. काल निघताना त्यांनीच सांगितलं, की दालनाचं नूतनीकरण ठरलंय. चार देखावे तसेच राहतील. पाचवा सदोष म्हणून काढून टाकणार, बगळा भांडारात जाईल आणि त्या भिंतीवर फळ्या ठोकून मोठा पडदा लावणार, माहितीपट दाखवायला. फळ्या ठोकल्या की रंग उखडणार. भिंत वळवलेली आहे, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. समितीची बैठक तीन मार्चला आहे, मंगळवारी अकरा वाजता. बाहेरच्या कुणाला काही म्हणायचं असेल तर त्या दिवशी तोंडी म्हणता येईल. बाईंनी विचारलं, "बोलाल का तुम्ही?" मी हो म्हणून बसले. तुला माहीत आहे, मी ग्रंथालयातसुद्धा 'कृपया शांतता राखा' हे तोंडाने न सांगता पाटीकडे बोट दाखवते.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. बाबांनी फोनवर सांगितलं की तू बरी आहेस आणि कुणाशी बोलत नाहीस. माझं काही चुकलं का?

चुकलं आहेच, ते मात्र वेगळं. मुलांसाठी केलं हे माझं म्हणणं टिकलं नाही. संग्रहपाल बाईंनी टिपण नीट वाचलं. मग मला आत नेऊन दालन नवं होतं तेव्हाचा एक फोटो दाखवला. पाचही कपाटांपुढे लाकडाची लांब पायरी आहे, तिच्यावर मुलं ओळीने उभी आहेत. मुलांना दिसावं म्हणून ती केली होती, पुढे ती मोडली तेव्हा काढून टाकली. "पायरीवर चढलेल्या मुलाचा डोळा मोठ्यांच्या जवळपास पोचतो," त्या म्हणाल्या. "मग मुलांसाठी क्षितिज खाली घ्यायचं कारणच काय?" आणि काकांनी पाचवं रंगवलं तेव्हा पायरी होतीच, त्याआधीच्या दुसऱ्या एका फोटोत ते स्वतः पाचव्या भिंतीपाशी शिडीवर आहेत आणि पुढे पायरी दिसते.

आत्या, त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "मलाही ती भिंत वाचली तर हवीच आहे. पण समितीत पहिला प्रश्न हाच येईल. मुद्दाम केलंय म्हणता, मग कशासाठी?" मी आभार मानले आणि जिन्यात येऊन रडले. मग डोळे पुसून तुला हे लिहायला बसले, कारण चुकीची माहिती तुझ्याकडे पडून राहिलेली मला चालत नाही.

तुझी भाची


२३ फेब्रुवारी

पोरी,

तुझं काही चुकलं नाही. मला सुचत नव्हतं. कात्री हातात घ्यायची आणि कापड तसंच ठेवायचं, असं चाललं होतं. मुख्याध्यापकांनी दोनदा माणूस पाठवला.

गुडघा टेकून बसल्यावर पाणी आडवं होतं, हे तू लिहिलंस, आणि मी तिथेच समजले.

दादा त्या कामावर होता त्या वर्षी मधेच एकदा घरी आला होता. जेवून उठल्यावर मला म्हणाला, "कप्तान, इकडे ये, भिंतीला टेकून उभी राहा." तो मला कप्तान म्हणायचा. बाकी गाव काय म्हणतं ते तुला ठाऊक आहे. माझ्याच गळ्यातली टेप काढून घेतली आणि माझं माप घेतलं, जमिनीपासून डोळ्यापर्यंत. डोक्यापर्यंत नाही हं, डोळ्यापर्यंत. अख्ख्या गावाची मापं मी घेते, माझं माप कुणी कधी घेतलं नव्हतं. मी विचारलं, "कशाला?" तर नुसता हसला. मला वाटलं, हाही थट्टा करतोय. सगळ्यांनी करून झाली, आता हा राहिला होता. मी टेप हिसकावून घेतली आणि तो जाईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

पुढे दालन उघडलं तेव्हा त्याने निरोप पाठवला, "कप्तानने यावं, एक दाखवायचंय." मी कामाचं निमित्त सांगितलं. खरं ते तुला सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी शहरात गेले होते, सुया आणि बॉबिन आणायला. दुकानात एका माणसाने आपल्या मुलाला उचलून माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "सर्कशीतल्या का तुम्ही?" वाईट हेतू नव्हता त्याचा, हौसेने विचारत होता. मी ठरवलं, काचेच्या कपाटापुढे मी उभी राहिले तर लोक कपाट बघतील की मला? नकोच ते.

तर हे असं आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मीच आहे, आणि ते मला इतक्या वर्षांनी कळलं. पण समितीत यातलं एक अक्षर काढायचं नाही. ऐकतेस ना? चार मोठे लोक टेबलाशी बसून माझी उंची काढणार, "किती होत्या त्या?" असं विचारणार, हे मला चालणार नाही. भिंत जायची असेल तर जाऊ दे. माणूस गेला, तिथे भिंतीचं काय.

आत्या


२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि कुणालाही दाखवलं नाही. समितीत तुझ्याबद्दल काहीही बोलणार नाही. शब्द देते.

पण शब्द दिल्यावर दोन गोष्टी मनात राहतात, त्या तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एक म्हणजे, आता मला समितीपुढे 'का' याचं उत्तर माहीत असून 'माहीत नाही' म्हणावं लागेल. खोटं बोलणार नाही, 'सांगू शकत नाही' असं म्हणेन. त्याने भिंत वाचेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. ते संग्रहालय सगळ्यांचं आहे. तिथे येणाऱ्या हजारो लोकांना ते पाणी चढलेलं दिसावं आणि एकाच माणसाला आडवं, हे काकांनी करणं योग्य होतं का? समितीने हेच विचारलं, की सार्वजनिक भिंत घरच्या माणसासाठी का वापरली, तर? मला काकांची बाजू घ्यायची आहे, पण आधी ती मला स्वतःला पटायला हवी. तुला हे विचारणं उद्धटपणाचं वाटलं तर माफ कर.

आणखी एक. दुकानातल्या त्या माणसाचं तू लिहिलंस. माझं मन तिथेच अडकून राहिलंय. तू हे कुणालाच सांगितलं नव्हतंस ना?

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

पंडिते,

हे पत्र तुझ्या बापाच्या हाती देते आहे. उद्या तो पंपाचे भाग आणायला तिकडे येतोय. सोबत एक गुंडाळी आहे, ती आधी सोडू नकोस, पत्र वाच.

योग्य होतं का विचारतेस! शिकून शिकून हेच का? अगं, चार कपाटं त्याने सगळ्या जगाच्या डोळ्यांना शिवली. एक घरासाठी. कुठला शिंपी उरल्या कापडातून आपल्या माणसाला टोपी शिवत नाही? आणि दुसरं असं की उंच माणसाने जरा वाकायला काय होतं? मी जन्मभर मान वर करून बघत आले. दुकानाचं फळकूट, पोस्टाची खिडकी, आरसे, लग्नातले फोटो. कुणी म्हटलं नाही की खिडकी चुकीची आहे. सगळ्यांनी म्हटलं, बाई बुटकी आहे. आता एका भिंतीपुढे त्यांना खाली बसावं लागलं तर लगेच भिंत सदोष!

हे लिहिता लिहिता मलाच राग आला, आणि राग आल्यावर माझं डोकं बरं चालतं. इतकी वर्षं मी समजत होते की दादाने माझी थट्टा केली. त्याने उलट जगाला माझ्या उंचीवर आणून बसवलं होतं, आणि मी बघायलासुद्धा गेले नाही. आता त्या फळ्या ठोकल्या जाताना मी तोंड मिटून बसले, तर कप्तान कसली?

तेव्हा सांग. पण माझ्या अटी ऐक. 'बिचारी' म्हणायचं नाही. आवाज ओला करायचा नाही. 'त्यांची बहीण, शिवणकाम करते' एवढंच. आकडा मी लिहीत नाही आणि तूही बोलायचा नाहीस. गुंडाळीत पट्टी आहे, अस्तराची, दोन्ही टोकं दुमडून शिवलेली. माझ्या डोळ्यापासून जमिनीपर्यंत. काल भिंतीला टेकून उभी राहिले आणि तुझ्या बापाकडून माप घेववलं. त्याची टेप दर वेळी तिरकी, तीनदा घ्यावं लागलं. त्यांना म्हणावं, पट्टीचं एक टोक जमिनीला लावा, दुसऱ्या टोकाशी डोळा न्या, मग बोला.

स्नेहसंमेलनाचे कपडे देऊन झाले. सोमवारपासून मी मोकळी आहे. ते संग्रहालय लोकांना उघडायच्या आधी रिकामं असतं का, कुणी आत सोडतं का? सहज विचारते आहे. येणार असं म्हटलेलं नाही.

आत्या


२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्रही बाबांच्याच हाती पाठवते. ते संग्रहालयाच्या खालच्या बाकावर पंपाचे भाग मांडीवर घेऊन बसलेत आणि रखवालदाराला आपल्या भावाबद्दल सांगतायत. मघाशी त्यांनीच पट्टीचं खालचं टोक धरलं होतं.

आधी एक दुरुस्ती. पंधरा तारखेला मी लिहिलं होतं की बगळ्याचं प्रतिबिंब जुळत नाही. तेही चूक होतं. मी गुडघा टेकून बसले होते ना, तेव्हा माझा डोळा तुझ्यापेक्षा खाली गेला होता. आज पट्टी ताठ धरली, वाकून वरच्या टोकाशी डोळा नेला, आणि प्रतिबिंब सरकत सरकत येऊन बरोबर बगळ्याच्या पायांना चिकटलं. आत खरा बगळा, खाली रंगाचा बगळा, आणि दोघांची बोटं एकमेकांना टेकलेली. बोटभर वर गेलं की सुटतात, बोटभर खाली आलं की सुटतात. मुलांच्या उंचीचं असतं तर इतकं नेमकं नसतं, कारण मुलं लहानमोठी असतात. हे एकाच माणसाचं माप आहे. मी बाबांना बघायला लावलं. ते वाकले, आणि तसेच वाकून म्हणाले, "ताईने हे अजून बघितलं नाही?"

मग मी संग्रहपाल बाईंना बोलावलं. त्या माझ्याहूनही उंच आहेत. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग वाकल्या. उठल्या आणि परत वाकल्या. मग म्हणाल्या, "ही पट्टी कुणाची?" मी म्हटलं, "त्यांच्या बहिणीची. त्या शिवणकाम करतात." तुझ्या अटींप्रमाणे एवढंच. त्यांनी आकडा विचारला नाही. फक्त पट्टीच्या दुमडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "टाके काय सुरेख आहेत."

समिती ऐकेल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. पाचपैकी दोघांना पडदा हवाच आहे. तुला खोटी आशा लावत नाही.

उघडायच्या आधीचं तू सहज विचारलंस, म्हणून मीही सहज विचारलं. दालन लोकांना दहाला उघडतं. बाई म्हणाल्या, मंगळवारी त्या स्वतः नऊ वाजता मागच्या दाराने सोडतील. मागच्या दाराला पायऱ्या नाहीत, सामान न्यायचा उतार आहे. आत कुणी नसेल. मीसुद्धा, तू म्हणालीस तर, जिन्यापाशीच थांबेन. बाबा म्हणतात की ते पंपवाल्यांच्या गाडीने तुला आणतील, म्हणजे बसची पायरी चढायला नको. तुझं उत्तर मागत नाही. उत्तर मागितलं की तू नाही म्हणतेस, हे मला आता कळलंय.

पत्र पुरं करते, बाबा खालून हाका मारतायत. काय बोलायचं ते मी लिहून काढलं आणि पुन्हा वाचलं. त्यात 'बहुधा' हा शब्द फार वेळा आला होता, तो सगळीकडून काढला. आवाज ओला होणार नाही याची मात्र खात्री देऊ शकत नाही. पाचही जणांना आळीपाळीने खाली वाकायला सांगणार आहे, आणि ते वाकल्यावरच बोलणार आहे.

तू नऊला आलीस तर त्या टोकाशी तुझा डोळा न वाकता पोचेल, पहिल्यांदाच. नाही आलीस तर पट्टी आहे. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मी समितीपुढे उभी राहणार आहे: मंगळवार, तीन मार्च, सकाळी अकरा वाजता.

तुझी भाची